रश्श्याला अंग कुठून येतं

महाराष्ट्रातल्या रश्श्यांचा विषय निघाला की बोलणं तिखटावर जाऊन थांबतं. कोल्हापूरचा तांबडा किती झणझणीत, नागपुरी सावजी खाताना नाकातोंडातून पाणी कसं येतं, खानदेशी काळ्या मसाल्याची धग कशी असते. हॉटेलांच्या पाट्यांवर आणि मसाल्यांच्या पुड्यांवरही याच गुणांची नावं असतात. पण पावसाळी संध्याकाळी, तापातून उठल्यावर किंवा दिवसभर राबून घरी आल्यावर माणसाला जे खावंसं वाटतं, त्यात तिखटाचा वाटा थोडा असतो. तेव्हा हवं असतं पोटाला धरून राहणारं, ऊन ऊन, भाताशी किंवा भाकरीशी एकजीव होणारं काहीतरी. हे काम रश्श्याचं अंग करतं. अंग म्हणजे पाण्याला नुसतं पाणी राहू न देणारी गोष्ट: डाळ, पीठ, कूट, नारळाचं दूध किंवा हाडांतून उतरलेला रस. मसाला पदार्थाला ओळख देतो, अंग तृप्ती देतं. घरी रस्सा करायला शिकताना सुरुवात मसाल्यापासून न करता अंगापासून करावी, असं माझं मत आहे आणि आपल्या प्रांतोप्रांतीच्या स्वयंपाकाकडे पाहिलं की ते अधिकच पक्कं होतं.

आधी जरा मागे जाऊ. मिरची पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली आणि पोर्तुगीजांनी गोवा घेतलं १५१० मध्ये. बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा हेही सगळे मूळचे अमेरिका खंडातले. त्याआधी इथल्या स्वयंपाकात तिखटपणा होता तो मिरीचा, पिंपळीचा, आल्याचा, कोकणात तिरफळाचा. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने लिहिलेल्या ‘मानसोल्लासा’त अन्नाचं स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात मांसापासून डाळींपर्यंत राजाच्या पाकशाळेतले कितीतरी प्रकार येतात. म्हणजे लाल रंग आणि लाल तिखट येण्याच्या कितीतरी आधीपासून इथे पातळ, दाटसर, भाताबरोबर कालवायचे पदार्थ शिजत होते. आज आपण ज्याला परंपरागत तिखट म्हणतो, ते त्या मानाने अलीकडचं आहे.

अंगाचा सगळ्यात साधा उगम म्हणजे डाळ. तूरडाळ नीट शिजली आणि रवीने घोटली की तिच्यातलं पिष्ट पाण्यात मिसळतं, आणि हिंग-हळदीपलीकडे काही न घालता वरण उभं राहतं. त्यातच चिंच, गूळ आणि गोडा मसाला पडला की आमटी. पुरणपोळीच्या दिवशी हरभऱ्याच्या डाळीचं वरचं पाणी वेगळं काढून कटाची आमटी करतात. तिला अंग येतं ते त्या पाण्यात उतरलेल्या पिष्टाने आणि मुद्दाम टाकलेल्या मूठभर पुरणाने. सोलापूर जिल्ह्यात पंढरपूरजवळच्या करकंबची बाजार आमटी प्रसिद्ध आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी अनेक डाळी एकत्र शिजवून, काळा मसाला आणि सढळ तेल घालून ती करतात, आणि भाकऱ्या चुरून खातात. एकाच डाळीची आमटी आणि पाच डाळींची आमटी यांत जो फरक आहे, तो चवीइतकाच पोताचा आहे: मसूर विरघळतो, मूग मऊ पडतो, हरभरा डाळ दाताला लागते.

डाळ शिजत नाही ही तक्रार घरोघर असते आणि तिची कारणं बहुतेक वेळा तीनच असतात. एक, डाळ जुनी असते. जुन्या कडधान्याची सालं आणि पेशींच्या भिंती कठीण होत जातात. दोन, पाणी जड असतं. दख्खनच्या बेसॉल्ट खडकातून येणाऱ्या विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार बरेच असतात, आणि ते डाळीच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन आणखी घट्ट करतात. तीन, आंबट फार लवकर पडतं. चिंच, आमसूल, टोमॅटो, कैरी यांतलं आम्लही पेक्टिनला विरघळू देत नाही. म्हणून जुन्या बायका ‘डाळ शिजल्याशिवाय चिंचेला हात लावू नको’ असं सांगत, ते अगदी बरोबर होतं. काही घरांत चिमूटभर खायचा सोडा घालतात. डाळ त्याने लवकर मऊ होते हे खरं, पण त्यात ब१ जीवनसत्त्व नष्ट होतं आणि चवीला साबणासारखा वास येतो. त्यापेक्षा कडधान्य रात्री मिठाच्या पाण्यात भिजवावं, सकाळी ते पाणी टाकून द्यावं. मीठ घातलं की डाळ शिजत नाही हा समज निदान भिजवण्याच्या बाबतीत तरी खोटा आहे. मिठाने सालं उलट मऊ पडतात.

डाळ दळली की तिचं पीठ होतं, आणि इथे मराठी स्वयंपाकाची खरी श्रीमंती सुरू होते. या भागात रेंगाळल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण पिठाने अंग देण्याचे इतके प्रकार एकाच भाषेच्या मुलखात असावेत याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.

कुळीथ घ्या. देशावर याला हुलगे म्हणतात. हलक्या जमिनीत, थोड्या ओलीवर येणारं हे कडधान्य बैलाघोड्यांना चारत. कोकणात कुळीथ भाजून, भरडून, सालं काढून त्याचं पीठ वर्षाचं भरून ठेवतात. फोडणीत लसूण, मिरची, त्यावर पाणी आणि आमसूल, आणि उकळत्या पाण्यात कालवलेलं पीठ सोडत सतत ढवळायचं. पाच-सात मिनिटांत कुळथाचं पिठलं तयार. बरोबर मऊ भात आणि भाजलेला सुका बांगडा किंवा पापड. एवढ्या कमी वेळात इतकं भरीव जेवण देणारा दुसरा पदार्थ मला माहीत नाही. पीठ आधी भाजलेलं असल्यामुळे त्याला कच्चट वास येत नाही, आणि भाजण्याचा खमंगपणा हाच इथे मसाला असतो.

घाट चढून वर आलं की तेच हुलगे शेंगोळ्यांच्या रूपात भेटतात. पुणे, नगर, मराठवाडा, सगळीकडे ही आहेत. हुलग्याच्या पिठात तिखट, मीठ, लसूण, जिरं घालून घट्ट मळायचं, तळहातांत वळून बोटाएवढ्या वळकट्या किंवा कडी करायची आणि उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडायच्या. शिजताना त्यांच्या अंगावरचं पीठ पाण्यात उतरतं आणि रस्सा आपोआप दाट होतो. वळून झाल्यावर परातीला चिकटलेलं पीठ धुऊन तेही पाणी त्यातच ओततात. बेसनाचे डुबुकवडे हे खानदेशात आणि विदर्भात त्याच विचाराने बनतात: पीठ सैल भिजवायचं आणि रटरटणाऱ्या मसालेदार रश्श्यात चमच्याने सोडायचं. विदर्भाचा पाटवडी रस्सा थोडा वेगळा. त्यात बेसन आधी शिजवून, थापून, वड्या पाडतात आणि रस्सा निराळा करतात. जुन्नर-आंबेगावकडच्या मासवडीतही बेसनाची पोळी असते, पण पोटात तीळ-खोबऱ्याचं सारण भरलेलं. वरणफळं किंवा चकोल्या गव्हाच्या. कणकेचे तुकडे उकळत्या आमटीत शिजवायचे, वर तूप घालायचं. पोळी-भाजी-आमटी अशी तीन भांडी करायचा कंटाळा आला की एका भांड्यात सगळं जेवण.

मला यांत सर्वांत विलक्षण वाटतो तो येसर, काही ठिकाणी येसूर. मराठवाडा, सोलापूर, नगर या भागांत गहू, ज्वारी किंवा बाजरी, हरभरा डाळ, तांदूळ असं जे असेल ते धान्य मसाल्यांबरोबर खमंग भाजून दळतात. हा मसाला म्हणावा तर पीठ आहे आणि पीठ म्हणावं तर मसाला. लग्नकार्यात येसर आमटी असते, आणि मटणाच्या रश्श्यातही येसूर पडतो. थोड्या मटणात जास्त माणसं जेवायची असतील, तर रस्सा वाढवूनही तो पाणचट लागू नये, हे त्याचं काम. शाहू पटोले यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ साली आलेल्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग घरांचा स्वयंपाक आहे आणि येसूर तिथे अगदी मध्यभागी आहे. कमीत भागवण्याची गरज होती, आणि त्या गरजेतून अशी चव घडली जी भरल्या घरातल्यांनाही हवीशी वाटते.

तेलबियांकडे वळू. देशावरच्या भाजीत दाण्याचं कूट, तीळ, कारळं, जवस, सुकं खोबरं यांतलं काही ना काही असतंच. उपासाच्या दिवशी वरीच्या तांदळाबरोबर दाण्याची आमटी असते. दाणे भाजून, सोलून, पाण्याबरोबर अगदी बारीक वाटायचे, जिऱ्या-मिरचीची फोडणी, आमसूल, किंचित गूळ. डाळ नाही, पीठ नाही, कांदा-लसूण नाही, तरी ती पळीवाढी होते, कारण दाण्यातली प्रथिनं आणि तेल मिळून पाण्याला दुधासारखं धरतात. मात्र ती सतत ढवळत उकळी येऊ द्यावी लागते, नाहीतर तळाला लागते. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगीची भाजी ही तर हिवाळ्याचं पूर्ण पंचांगच आहे: ओला हरभरा, पावटा, वालाच्या शेंगा, गाजर, वांगी, बोरं, ओले शेंगदाणे, आणि त्या सगळ्याला बांधणारं तीळकूट. बाजरीची भाकरी आणि लोणी बरोबर. थंडीत अंगाला ऊब हवी तेव्हा स्निग्ध खावं, हे पाकशास्त्राच्या पुस्तकाआधी शेताने सांगितलेलं आहे.

देशावर ओला नारळ कमी, सुकं खोबरं जास्त. हे किनाऱ्याचं फळ घाट चढून आलं ते टिकाऊ रूपात, आणि वाटीच थेट आचेवर भाजून, कांद्याबरोबर पाट्यावर वाटून त्याचं काळपट, धुरकट वाटण तयार झालं. किनाऱ्यावर मात्र नारळ ओलाच. कोकणातली काळ्या वाटाण्याची उसळ, गोव्यातली शाकुती या दोन्हींत तो भाजून येतो. गोव्याच्या खतखत्यात भाज्या, डाळ, ओल्या नारळाचं वाटण आणि तिरफळ असतं. नारळाचं दूध घालायचं असेल तर एकच पथ्य पाळावं. दुसऱ्यांदा काढलेलं पातळ दूध आधी घालून त्यात शिजवावं, पहिलं घट्ट दूध शेवटी, आणि त्यानंतर खदखदून उकळी येऊ देऊ नये. नारळाचं दूध म्हणजे पाण्यात तरंगणारे तेलाचे कण. जास्त उष्णतेने त्यांना धरून ठेवणारी प्रथिनं सुटतात आणि रस्सा फाटतो. रायगड किनाऱ्यावरच्या बेने इस्राएल समाजाच्या स्वयंपाकात नारळाच्या दुधाला आणखी एक कारण आहे: ज्यू धर्मनियमांनुसार मांसाबरोबर गाई-म्हशीचं दूध-दही चालत नाही. त्यामुळे मटणाच्या रश्श्याला मऊपणा द्यायला त्यांना शेजारच्या वाडीतला नारळ हाताशी होता.

मटणाच्या रश्श्याला अंग येतं हाडांतून आणि स्नायूंना बांधणाऱ्या कोलॅजेनमधून. ७० अंशांच्या पुढे, वेळ दिला तर, कोलॅजेन विरघळून जिलेटिन होतं. तोच तो ओठाला हलकेच चिकटणारा रस. म्हणून रश्श्यासाठी खाटकाकडे नळी, खांदा, चाप मागावी. नुसत्या बोनलेस तुकड्यांचा रस्सा कितीही मसाला घाला, पोकळच लागतो. कोल्हापूरच्या घरांत मटण आधी आलं-लसूण, हळद, मीठ लावून पाण्यात शिजवतात. त्याचं अळणी पाणी वेगळं काढतात. त्या पाण्यातून दोन रस्से होतात: एकात कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि कांदा-लसूण मसाला पडून तांबडा, दुसऱ्यात खसखस, तीळ, काजू, नारळाचं दूध पडून पांढरा. उरलेल्या मटणाचं सुकं. एका पातेल्यातून तीन पदार्थ निघतात आणि तिन्हींच्या मुळाशी तेच अळणी पाणी असतं. अळणी पाणी चाखून बघावं. ते मीठ-हळदीवरच चवदार लागत नसेल, तर पुढचे दोन्ही रस्से फसणार.

मटण मंद आचेवर शिजवावं की भरभर, याबद्दल वाद आहेत. मला मंद आच पटते. पाणी जोरात खदखदत ठेवलं की स्नायूंचे धागे आक्रसून आतला रस बाहेर टाकतात आणि तुकडा मऊ झाला तरी कोरडा लागतो. पातेल्यावर खोलगट ताटली ठेवून तिच्यात पाणी घालण्याची आपली रीत दोन कामं करते. वाफ थंड ताटलीला लागून परत आत पडते, आणि वर तापलेलं पाणी मध्येच लागलं तर हाताशी असतं. शिजत्या रश्श्यात गार पाणी ओतू नये, असं बजावलं जातं ते याचसाठी.

आता भाकरी. तिच्याशिवाय या सगळ्याचा हिशेब लागत नाही. ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नसतं, म्हणून पीठ गरम पाण्यात मळावं लागतं. त्याने पिष्ट फुगून पीठ जुळून येतं. अशी भाकरी ताजी असताना मऊ, पण लवकरच कोरडी होते आणि चुरली की रस्सा पिऊन घेते. देशावरचे रस्से पातळ असतात ते कंजुषीने नव्हे. भाकरी त्यांना ताटात दाट करते. हॉटेलात पोळी किंवा रोटीबरोबर खायचं म्हणून तोच रस्सा घट्ट ग्रेव्ही करून वाढतात, आणि मग तो जड होतो. भाताच्या मुलखात उलट: भात रस्सा फारसा शोषत नाही, म्हणून कोकणातल्या कालवणाला मुळातच थोडा घट्टपणा लागतो, शिताला धरून राहण्यापुरता. पोषणाच्या दृष्टीनेही ही जोडी बरोबर आहे. ज्वारी-बाजरीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, डाळींत भरपूर. डाळींत मेथिओनिन कमी, धान्यांत बऱ्यापैकी.

आपल्या छापील पाककृतींचा इतिहास सांगायचा तर १८७५ सालचं रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’, १९१० सालचं लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र’ आणि १९७० सालचं कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ हे ठळक टप्पे. ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचं माप दिलं आणि लग्न करून दूरच्या शहरात, परदेशात गेलेल्या कितीतरी मुलींना एकट्यानं स्वयंपाक करता आला, हे तिचं ऋण मोठं आहे. पण ही पुस्तकं बहुतांशी शहरी, शिकल्यासवरल्या घरांची. शेंगोळी, माडगं, येसर, वजडी, सुकटीचं कालवण हे पुष्कळसं तोंडी परंपरेतच राहिलं. आता कुठे ते लिहिलं जातंय, मोबाइलवर चित्रित होतंय, आणि खेड्यातल्या चुलीपुढे बसलेली बाई स्वतःच्या शब्दांत सांगते आहे. हा बदल मला अतिशय मोलाचा वाटतो.

चुलीची जागा गॅसने घेतली आणि १९५९ च्या सुमारास भारतात प्रेशर कुकर बनू लागले, तेव्हापासून घरच्या रश्श्याचं वेळापत्रकच बदललं. कुकरमध्ये पाणी साधारण १२० अंशांपर्यंत तापतं, म्हणून वाटाणे-हरभरे-मटण तासांऐवजी मिनिटांत शिजतं. नोकरी करणाऱ्या घरासाठी हे वरदानच. मात्र कुकर बंद असतो. त्यातून वाफ फारशी जात नाही, त्यामुळे रस्सा आटत नाही आणि चवी एकमेकींत मुरत नाहीत. कुकर उघडल्यावर रस्सा उघड्या पातेल्यात दहा-पंधरा मिनिटं मंद आचेवर ठेवला, की फरक लगेच कळतो. तेलावर मसाला परतणं मात्र कुकरच्या आधीच नीट व्हायला हवं. तिखटाचा रंग आणि दाह दोन्ही पाण्यापेक्षा तेलात उतरतात, म्हणून तवंग हवा असेल तर लाल तिखट आच कमी करून तेलातच घालायचं, आणि जळायच्या आत पाणी.

सगळ्यांत जास्त नुकसान केलंय ते कांदा-टोमॅटोच्या तयार लाल ग्रेव्हीने. मटार, पनीर, अंडी, चिकन, मशरूम, सगळं एकाच गाळलेल्या लाल रसात. कांदा आणि टोमॅटो आटवले की अंग येतं हे खरं, आणि कांदा नीट परतला तर त्याची गोडीही छान असते. पण एकच अंग सगळ्यांना दिलं की नगर आणि मालवण यांतला फरक पुसून जातो, आणि घरच्या मुलांना रस्सा म्हणजे हाच असं वाटू लागतं. पुडीतला ‘कोल्हापुरी’ किंवा ‘मालवणी’ मसाला या ग्रेव्हीत टाकून कोल्हापूर किंवा मालवण होत नाही. कोल्हापूरसाठी अळणी पाणी लागतं, मालवणसाठी भाजका ओला नारळ.

घरी सुरुवात करायची असेल तर एका डब्यात भाजलेलं कुळीथ पीठ, दुसऱ्यात येसर आणि तिसऱ्यात दाण्याचं कूट ठेवावं. हे तिन्ही असतील तर आठवड्यातल्या कोणत्याही थकलेल्या संध्याकाळी अर्ध्या तासाच्या आत पोटभर रस्सा होतो. आदल्या दिवशीचा रस्सा दुसऱ्या दिवशी घट्ट होतो, कारण पिष्ट थंड होताना आळतं. तो पातळ करताना उकळतं पाणी घालावं आणि पुन्हा चांगली उकळी आणावी. येसर आणि कुळीथ पीठ दळून देणाऱ्या गिरण्या शहरांत फारशा राहिल्या नाहीत, पण ग्रामीण महिला बचत गटांच्या विक्री-प्रदर्शनांत दोन्ही मिळतात. घेताना एवढंच विचारावं की भाजून किती दिवस झाले. दोन महिन्यांपेक्षा जुनं असेल तर अर्धा किलोच्या वर घेऊ नये, आणि घरी आणल्यावर थोडं कढईत कोरडंच पुन्हा परतून घ्यावं.